नानांचे मॅगझीन

मराठीत 'मॅगझीन' हा शब्द दोन दारांनी आला. शिकल्यासवरलेल्यांच्या घरी तो नियतकालिक या अर्थाने शिरला, आणि शिपायांच्या व शिकाऱ्यांच्या घरी काडतुसे भरण्याची पत्र्याची डबी म्हणून. मूळ मात्र एकच. अरबीत 'मखजन' म्हणजे कोठार. हा शब्द युरोपात गेला, तेथे दारूगोळ्याच्या कोठाराला चिकटला, आणि १७३१ साली लंडनमध्ये निघालेल्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने तो प्रथम मासिकाला दिला. विचारांचेही कोठार असू शकते, असा त्यामागील भाव. १९०१ साली लाहोरहून 'मखजन' याच नावाचे उर्दू मासिक निघाले. निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना या शब्दाच्या प्रवासाची मोठी मौज वाटे.

या पानांवर पहिल्या प्रकारच्या मॅगझीनांविषयी अनेकांनी जिव्हाळ्याने लिहिले आहे. आज आम्ही दुसऱ्या प्रकाराविषयी लिहिणार आहोत. त्याच्यासोबत पट्टे, तेलाच्या बाटल्या, डाट, टोप्या असा बंदुकीभोवतीचा सारा किरकोळ, स्वस्त आणि बहुतांशी नकली पसाराही येईल. विषय ऐकून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु पैनगंगेच्या अलीकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या ज्या मराठी कुटुंबांत खंडेनवमीला बंदूक पाटावर मांडून तिला हळदकुंकू वाहिले जाई, त्यांना हा पसारा परका वाटू नये.

आमचे गाव जुन्या आदिलाबाद तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. नदीपलीकडे सोयरे, अलीकडे शेती, अशी आमची विभागणी. काळी जमीन, ज्वारी आणि पऱ्हाटी. ज्वारी हुरड्यावर आली की रात्री रानडुकरांचे कळप उतरत आणि पहाटे रोही येत. माळ्यावर बसून गोफण फिरवणे, डबे बडवणे, आरोळ्या देणे हे नित्याचे उपाय होते. ते थकले म्हणजे बंदूक. बंदुकीचे काम मुख्यतः आवाज करण्याचे असे. मारण्याचा प्रसंग क्वचित येई.

आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ठाण्यात जमा झाली, ती परत आली नाही. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, आणि त्याखाली अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एकनळी बारा बोअरची काडतुशी बंदूक घेतली. परवाना पीकसंरक्षणाचा. त्या काळच्या नियमांत आत्मरक्षण व शिकार यांसाठी नमुना तीन आणि पिके व गुरे यांच्या रक्षणासाठी नमुना चार असा भेद होता. पुढे सरकारी नोकरीत हेच नमुने आमच्या हाताखालून शेकड्यांनी गेले. अण्णांचा परवाना मात्र आम्हांस तेव्हापासून पाठ होता, कारण बंदूक साफ करताना तो शेजारी उघडून ठेवण्याची त्यांची शिस्त होती.

बंदूक एकदाच विकत घ्यावी लागते, पण तिचा संसार जन्मभर पुरवावा लागतो, असे अण्णा म्हणत. त्या संसारातील अस्सल वस्तू विलायती असत आणि परवडत नसत. ईली आणि किनॉक या कंपन्यांची काडतुसे हैदराबादेत मिळत, ती पाहुण्यासारखी जपून वापरायची. रोजच्या वापराला देशी. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि त्याची 'शक्तिमान' छापाची काडतुसे पुढे गावोगावी पोहोचली. परंतु जुन्या काडतुसांचे नळकांडे कागदी असे, आणि आमच्याकडचा आषाढ-श्रावण त्याला मानवत नसे. ओल लागून कागद फुगला की काडतूस नळीत बसत नसे. यावर आईचा उपाय असा की काडतुसांचा डबा ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवायचा. धान्य ओल शोषते हा अनुभव, बाकी शास्त्र तिला ठाऊक नव्हते. दळण काढायला गेलेल्या सुनेच्या सुपात ज्वारीबरोबर काडतुसांचा डबा यावा आणि तिने तो पुन्हा निमूटपणे पुरावा, हे आमच्या घरी कोणालाच विचित्र वाटत नसे.

काडतुसांचा पट्टा चामड्याचा असावा अशी सर्वसाधारण समजूत. आदिलाबादच्या बाजारातील एक वृद्ध चर्मकार पंचवीस घरांचा उत्तम पट्टा शिवून देत. पण कमावलेल्या चामड्यात पितळ फार दिवस राहिले तर त्यावर हिरवा गंज चढतो, आणि काडतूस पट्ट्याच्या घरालाच चिकटून बसते. म्हणून जाणते लोक कापडी पट्टा पसंत करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा शिल्लक माल, ज्याला सगळे 'डिस्पोजल' म्हणत, तो ठिकठिकाणच्या बाजारांत आला. हैदराबादच्या जुमेरात बाजारात त्याची फुटकळ विल्हेवाट पुढे कित्येक वर्षे चालू होती. जाड विणीचे खाकी पट्टे, पितळी बकले, पाण्याच्या बाटल्यांची बनाती आवरणे, असा ढीग जमिनीवर पसरलेला असे. अण्णा कोर्टाच्या कामाला हैदराबादेस गेले की गुरुवार गाठून येत. आईसाठी बांगड्या चुडी बाजारातून, आणि स्वतःसाठी काहीतरी लोखंडी किंवा पितळी जुमेरात बाजारातून, असा त्यांचा रिवाज होता.

त्या बाजारातून आलेली एक वस्तू आजही आमच्याकडे आहे. ती म्हणजे तेलाची पितळी बाटली, करंगळीपेक्षा थोडी जाड आणि बोटभर लांब. झाकणाला आतून एक बारीक चमचा डाग देऊन जोडलेला. थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या दस्त्याच्या बुडात एक कप्पा असे, त्यात ही बाटली आणि नळी पुसण्याची दोरी राहत असे. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला कापड अडकवण्याचे फासे. इंग्रजीत तिला 'पुल-थ्रू' म्हणत, आमच्या गावच्या निवृत्त हवालदारांच्या तोंडी ती 'फुलतरू' झाली होती. कापडाच्या तुकड्याला ते 'चिंदी' म्हणत. लष्करात चिंदीचे माप ठरलेले, चार इंच लांब आणि दोन इंच रुंद. आमच्याकडे ती मापे आईच्या हाती होती. लहानग्यांची फ्लॅनेलची झबली आखूड झाली की त्यांच्या चिंद्या होत. आम्हां भावंडांपैकी प्रत्येकाचे एक तरी झबले त्या नळीतून ओढले गेले आहे.

आता ज्याच्यासाठी हा लेख मांडला त्या मॅगझीनाकडे येऊ. अण्णांच्या एकनळीला मॅगझीन नव्हते. एक काडतूस घाला, एक बार काढा, असा तिचा सरळ व्यवहार. मॅगझीन होते नानाकाकांकडे. नाना हे अण्णांचे धाकटे बंधू, हौशी आणि थोडे छानछोकीचे. त्यांनी एका निवृत्त वनाधिकाऱ्याकडून पॉइंट टू-टूची रायफल घेतली होती, झेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहरच्या कारखान्याची. हे तेच ब्रनो, ज्याचे पहिले दोन वर्ण आणि इंग्लंडातील एनफील्डचे पहिले दोन वर्ण जोडून 'ब्रेन' हे मशीनगनचे नाव बनले. नानांच्या रायफलीचे मॅगझीन पाच गोळ्यांचे, काड्यापेटीएवढे, आणि अतिशय देखणे होते.

सुटे होणारे मॅगझीन ही १९ व्या शतकाच्या शेवटच्या पादातील कल्पना. जेम्स पॅरिस ली याने ती अमेरिकेत १८७९ साली पेटंट केली, आणि लवकरच ब्रिटिश सैन्याने तिच्यावर आधारलेली रायफल स्वीकारली. वस्तू साधी दिसते. पत्र्याची पेटी, तळाशी कमानी, कमानीवर गोळ्या वर ढकलणारी पट्टी, आणि वरच्या काठाला आत वळवलेले दोन ओठ. सारे मर्म त्या ओठांत असते. ते केसभर फाकले तर गोळी उडी मारून तिरकी होते, केसभर मिटले तर ती वर येत नाही. म्हणून रायफलीत पोलादी नळी, लाकडी दस्ता, खटका हे सारे मजबूत असले, तरी सर्वांत आधी बिघडते ते मॅगझीन. हरवतेही तेच. ब्रिटिश सैन्याने तर आपल्या प्रारंभीच्या ली रायफलींचे मॅगझीन साखळीच्या कडीने रायफलीलाच अडकवून ठेवले होते. शिपायाने ते हरवू नये ही धास्ती.

नानांच्या रायफलीला साखळी नव्हती. १९७१ च्या पावसाळ्यात होडीतून पैनगंगा ओलांडताना ते मॅगझीन पाण्यात गेले. नाना आठ दिवस नीट जेवले नाहीत. अस्सल मॅगझीन परदेशातून मागवणे त्या काळी अशक्यप्राय होते. अखेर अण्णांनी हैदराबादेतील एका बंदूकवाल्याकडून त्याची देशी नक्कल आणली. कोणत्या कारखान्याची, यास उत्तर नव्हते. विक्रेता नुसते 'लोकल है साहब' म्हणाला आणि हसला. पत्रा जाड, कडा बोथट, रंग चुलीवर तापवल्यासारखा निळसर काळा. पाच गोळ्या त्यात बसत. पहिली वर येई, दुसरी वर येई, तिसरी मात्र हटकून अडके. मग नानांनी मॅगझीन काढावे, मांडीवर आपटावे, पुन्हा बसवावे, आणि तोवर समोरचा प्राणी नदीपार झालेला असावा.

गावच्या लोहाराने ओठ वाकवून पाहिले. सायकलच्या दुकानातून कमानी आणून बदलली. डबे डागणाऱ्या टिनकाम्याने आतून पितळेची पट्टी बसवली. प्रत्येकाच्या हातून काही सुधारणा झाली, परंतु तिसरी गोळी आपल्या स्वभावावर कायम राहिली. शेवटी नानांनी हार न मानता तह केला. पाचांच्या मॅगझीनात ते दोनच गोळ्या भरू लागले. आणि आमच्या कुटुंबाला एक वाक्प्रचार मिळाला. कोणी पंगतीत मोठ्या आवेशाने बोलू लागला आणि तिसऱ्या वाक्याला अडखळला, की बायका पदराआड हसून म्हणत, ''नानांचं मॅगझीन!'' लग्नाच्या बोलणीत मोठमोठी वचने देणाऱ्या व्याह्यांपासून निवडणुकीच्या उमेदवारांपर्यंत हा शब्द पुरला. आजही घरातील ज्या मुलांनी बंदूक पाहिलेली नाही, ती तो वापरतात.

ही नक्कल कुचकामी होती हे खरे. तरी तिची आठवण आम्हांस अस्सल मॅगझीनाहून अधिक येते. अस्सल वस्तूला माणसांची गरज नसते, ती आपले काम मुकाट्याने करते. या नकलेने मात्र लोहार, टिनकाम्या, सायकलवाला आणि चार रिकामटेकडे पोरगे यांना नानांच्या ओट्यावर एकत्र बसवले. दर रविवारी तिचे दुखणे निघे आणि दर रविवारी चहा होई. स्वस्त आणि सदोष वस्तूंभोवती माणसे जमतात. दुरुस्तीची आशा असते तोवर वस्तू टाकून देण्याची रीत तेव्हा नव्हती.

त्याच काळात आमच्याकडे शेजारच्या गोंड गुड्याचे पटेल येत. त्यांच्याकडे जुनी ठासणीची बंदूक होती, परवान्याची. नळीच्या तोंडातून दारू भरायची, डाट ठासायचा, छर्रे घालायचे, आणि खालच्या टोचणीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. दारू ठेवण्याचे त्यांचे शिंग खरोखरच रेड्याच्या शिंगाचे होते, टोकाला लाकडी बूच, बुडाला कोरीव तबकडी. अण्णा हैदराबादेस निघाले की पटेल आदल्या संध्याकाळी येऊन बसत. इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्यावर उठताना म्हणत, ''पाटील, टोप्या आणजा बरं.'' टोप्यांची डबी आली की पैसे मोजून देत, आणि वर मोहाची फुले किंवा चारोळी. भीक नको आणि उपकारही नको, असा तो व्यवहार. दसऱ्याला आमची एकनळी आणि त्यांची ठासणीची अशा दोघी एकाच पाटावर असत.

परंतु बंदुकीची आठवण काढताना या जिल्ह्यात केवळ पाटावरची बंदूक आठवून चालत नाही. १९४० साली जोडेघाटला निजामी पोलिसांच्या गोळ्यांनी कुमराम भीम आणि त्याचे सोबती पडले. त्यानंतरच निजाम सरकारने हायमेंडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास पाठविले, आणि मारलावाईसारख्या गावी जमिनीचे पट्टे व शाळा यांचे काम सुरू झाले. पुढे २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंडांवर पोलिसांचा गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा होता, लोक त्याहून पुष्कळ मोठा सांगत. तेव्हा आम्ही नुकतेच पदवीधर झालो होतो. त्या वर्षीच्या खंडेनवमीला पटेल आले नाहीत. बोलावणे गेले होते. त्यांनी निरोप पाठविला की पूजा तुम्ही करून घ्या.

१९८३ साली आम्ही महसूल खात्यात लागलो. १९८५ साली मंडल पद्धत आली, जुने तालुके मोडले, आणि आमची फिरती सुरू झाली. मध्यंतरी काही वर्षे शस्त्रपरवान्यांचे दफ्तर आमच्याकडे होते. तो नक्षलवादाचा काळ. खेड्यातील परवान्याची बंदूक म्हणजे रानातून येणाऱ्यांसाठी आयती मिळकत, आणि तिचा मालक दोन्ही बाजूंनी संशयित. ठाण्यांमधून परवानाधारकांना निरोप गेले की बंदुका जमा करा, नाहीतर परिणामांस तुम्ही जबाबदार. लोकांनी त्या जमा केल्या. अण्णांनी एकनळी दिली. नानांनी रायफल दिली आणि सोबत ते मॅगझीनही दिले. कायद्याच्या व्याख्येत अग्निशस्त्राचा सुटा भागही शस्त्रच असतो. पावतीवर कारकुनाने लिहिले, 'मॅगझीन एक, लोकल'. नाना म्हणाले, ''साहेब, 'दोन गोळ्यांचे' असंही लिहा.'' कारकुनाला त्यातील खोच कळण्याचे कारण नव्हते.

पटेलांनीही आपली बंदूक दिली. प्रामाणिक माणूस, त्यांनी शिंग, गज, टोप्यांची डबी असे सर्व काही एका फडक्यात बांधून ठाण्यात ठेवले. ते फिरून काही परत मिळाले नाही. दहा-बारा वर्षांनी त्यांचा नातू आमच्या कार्यालयात पावती घेऊन आला. पटेल वारले होते. पावती घडीवर फाटली होती, मागून कागद चिकटवलेला होता. वारसाच्या नावे परवाना होणे त्या परिस्थितीत शक्य नव्हते, तसे आम्ही त्यास सांगितले. त्याने मान हलविली. मग म्हणाला, ''बंदूक नको साहेब. आज्याचं शिंग पाहिजे.''

आम्ही रीतसर पत्र घेऊन त्या ठाण्याच्या मालखान्यात गेलो. बंदुका लाकडाच्या मोळीसारख्या एकावर एक रचलेल्या होत्या. पटेलांच्या बंदुकीचा दस्ता वाळवीने खाल्लेला, नळीला दोरीने बांधलेली चिठ्ठी तेवढी शाबूत. शिंग एका कोपऱ्यात फडक्यासकट मिळाले. त्यात दारूचा कणही नव्हता, आणि शिंग म्हणजे शस्त्र नव्हे, असा शेरा लिहून ते नातवाच्या हवाली करण्यात आले. त्याने ते उलटून पाहिले, बूच काढून वास घेतला, आणि पुन्हा बूच लावले. नोकरीच्या चौतीस वर्षांत आमच्या सहीने पुष्कळ मोठ्या रकमा आणि पुष्कळ एकर जमिनी इकडून तिकडे गेल्या. त्या शेऱ्याइतकी उपयोगी सही आम्ही दुसरी केली असे वाटत नाही.

नानांचा थोरला नातू आज टेक्सासमध्ये आहे. आम्ही तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो होतो. नानांचे मॅगझीन घराण्यात प्रसिद्ध असल्यामुळे त्याने कौतुकाने आपल्या मित्राचा संग्रह दाखविला. एका कपाटात तीस गोळ्यांची मॅगझीने ओळीने लावलेली, बहुतेक प्लास्टिकची, वजनाला हलकी, आणि किंमत जेवणाच्या एका ताटाएवढी. त्या देशात १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे दहापेक्षा अधिक गोळ्यांची नवी मॅगझीने विकण्यास बंदी होती, आणि तेवढ्यात जुन्या मॅगझीनांचे भाव चढले होते, हे त्या मित्रानेच सांगितले. त्यालाही आपल्या जुन्या, स्वस्त, खडखडणाऱ्या मॅगझीनांचा फार लळा होता. अमक्या दुकानातून घेतले, तमके कधीच चालले नाही, हे तो अगदी नानांच्या सुरात सांगत होता. माणूस सज्जन होता. आम्हांस त्याच्याविषयी आपुलकी वाटली.

परंतु त्याच संध्याकाळी आमच्या नऊ वर्षांच्या पणतीने शाळेतील एक कवायत करून दाखविली. दिवा मालवायचा, दारापासून दूर भिंतीला चिकटून बसायचे, आणि आवाज करायचा नाही. शाळेत बंदूक घेऊन कोणी शिरला तर काय करावे, याचा तो पाठ. त्याच राज्यातील उव्हाल्डे गावी मे २०२२ मध्ये प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पोर कवायत करून हसली आणि खेळायला पळाली. आम्हांस मात्र त्या रात्री नानांची तिसरी गोळी आठवत राहिली. ती अडकत होती, याबद्दल आम्ही आयुष्यभर हसलो. एखादी वस्तू अडकते यातही माणसाच्या हिताचे काही असू शकते, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

येथे कोणी म्हणेल की मग बंदूक गेली ते बरेच झाले. आम्हीही बव्हंशी तेच म्हणू. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची हौस संपविली, हे उत्तम झाले. २०१२ साली कवाल अभयारण्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि पैनगंगेपलीकडील टिपेश्वरचे वाघ आता नदी ओलांडून आमच्या शिवारात पाऊल उमटवून जातात. नानांनी हे पाहिले असते तर रायफल परत मागितली नसती, एवढा आम्हांस त्यांच्याविषयी विश्वास आहे.

तथापि रानडुकरे गेलेली नाहीत. माळ्यावर जागणारी माणसे मात्र गेली. आता शेताच्या कडेने तार टाकतात आणि रात्री तिच्यात वीज सोडून घरी झोपतात. हे बेकायदेशीर आहे हे सर्वांस ठाऊक असते. नोकरीत असताना अशा तारेला चिकटून गेलेल्या एका तरुणाचा पंचनामा आमच्या समक्ष झाला. पहाटे परसाकडे निघालेला मुलगा, वय वीसही नसेल. तार त्याच्या चुलत्याचीच होती. चुलता शेजारी बसून होता आणि वारंवार एकच सांगत होता की मी डुकरासाठी टाकली होती. पुढे अशाच तारांनी वाघही मेल्याच्या बातम्या आपण वाचल्या.

अण्णांच्या बंदुकीला हा दोष नव्हता. ती चालवायची तर माणसाला रात्रभर जागे राहावे लागे. समोर काय हलते आहे ते पाहावे लागे, आणि खात्री होईपर्यंत थांबावे लागे. गावातील कोणी उशिरा परतत असला तर तो लांबूनच साद घालीत येई आणि माळ्यावरून त्याला उत्तर जाई. मारण्याचे साधन हाती असलेला माणूस जागा असणे, आणि त्याला मोजक्याच गोळ्या मिळणे, हे दोन बंध त्या काळाने आपल्या गरिबीमुळे पाळले. तारेला डोळे नसतात, आणि तीस गोळ्यांच्या मॅगझीनाला थांबणे माहीत नसते. आम्ही ज्याच्यासाठी हळहळतो ती बंदूक नव्हे. माळ्यावरच्या त्या जागरणासाठी आणि त्या सादेसाठी आम्ही हळहळतो. जुना पट्टा, बाटली, चिंदी यांना आठवताना मनात येते ते हेच.

काळाने कागदही पुष्कळ बदलले. २०१४ साली तेलंगण राज्य झाले. २०१६ साली आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, आणि पटेलांचा गुडा आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला. देशातील आयुधनिर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ पासून बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, खडकीचा कारखाना त्यांपैकी एकीत गेला. आमच्या घरी २०१७ साली निवृत्तीनंतर आवराआवर केली, तेव्हा उरल्या त्या शस्त्र या व्याख्येत न बसणाऱ्या वस्तू. खाकी पट्टा भाच्याने सामान बांधण्यास नेला. डाट कापण्याचा पोलादी पंजा बाजारातील त्या चर्मकारांच्या मुलास दिला, तो त्याने चपलांच्या पट्ट्यांना भोके पाडतो. तेलाची बाटली सौभाग्यवतींच्या शिवणयंत्राशेजारी असते. चमच्याने थेंब अगदी नेमका पडतो.

आपल्या जुन्या घरांतून अशा वस्तू अद्याप निघत असतील. माजघराच्या फडताळात, धान्याच्या रिकाम्या कणगीत, आजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी. वाचकांस आमची एवढीच विनंती, आणि ती जुन्या नोकरीच्या सवयीने करतो. काडतूस असो, नळी असो, वा गंजलेले मॅगझीन असो, ते शोभेची वस्तू म्हणून भिंतीवर लावू नये. ठाण्यात जमा करून पावती घ्यावी, आणि पावतीवर वस्तूचे वर्णन पूर्ण लिहून घ्यावे. बाकीचे, म्हणजे शिंग, पट्टा, बाटली, खुशाल वापरात ठेवावे. आणि ती वस्तू कोणी आणली, कोणी दुरुस्त केली, कोण तिच्यासाठी आदल्या संध्याकाळी येऊन बसत असे, हे वहीत उतरवून मुलांच्या स्वाधीन करावे. ते उतरवताना कोणी तिसऱ्या वाक्याला अडखळला, तर मांडीवर एकदा आपटून पुन्हा सुरू करावे.